खेळण्यातले रोमन शिरस्त्राण आणि गंजाचा मोह

१/
वेशभूषेच्या दुकानात सोनेरी प्लॅस्टिकचे रोमन शिरस्त्राण मिळते. माथ्यावर लाल केसांचा तुरा, दोन्ही गालांवर पट्ट्या आणि सगळ्यावर मिठाईच्या खोक्यासारखा चकाकता रंग. हौशी कारागीर ते घरी आणतात. साच्याची शिवण पॉलिश पेपरने घासून काढतात, काळा प्रायमर मारतात, त्यावर लोखंडी करडा रंग चढवतात आणि शेवटी स्पंजाने तपकिरी-नारिंगी ठिपके देतात. दोन दिवसांत खेळणे 'अगदी खरे' दिसू लागते. हा धागा या 'खरे' शब्दाविषयी आहे.

२/
या हस्तकौशल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. नाटकाच्या मंडळींना, शाळेच्या कार्यक्रमांना आणि कमी पैशांत लघुपट करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार असतो. प्रश्न आहे तो फक्त शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे गंजाचा. गंज चढवलेले शिरस्त्राण संग्रहालयातल्या काचेमागील शिरस्त्राणासारखे दिसते. रोमन सैनिकाच्या डोक्यावर ते तसे दिसत नव्हते. वस्तू मातीखाली गेल्यावर तिचे जे झाले, तेच तिचे मूळ रूप मानण्याची ही चूक आहे. दिसायला ती लहान आहे, पण तिच्यापायी एका संपूर्ण वर्गाचे रोजचे श्रम आपल्या नजरेतून पुसले जातात.

३/
प्रथम धातूचा विचार करू. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही पितळेचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. देव्हाऱ्यातली समई महिनाभर तशीच राहिली की काळवंडते. दिवाळीच्या आधी चिंच लावून घासली की तीच समई सोन्यासारखी उजळते. म्हणजे पितळेचा पिवळा रंग आपोआप टिकत नाही, तो कोणीतरी हाताने टिकवलेला असतो. रोमन शिरस्त्राणांकडे पाहताना ही घरगुती जाणीव सोबत ठेवली, तर पुढचे बरेचसे आपसूक उलगडते.

४/
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन सैन्याचे बरेचसे साहित्य तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचे, म्हणजे पितळेचे होते. लॅटिनमध्ये त्याला ऑरिकॅल्कम म्हणत. नव्याने घासलेल्या पितळेचा रंग सोन्याच्या जवळ जातो. यातून एक गमतीची गोष्ट निघते. दुकानातल्या खेळण्याचा स्वस्त सोनेरी रंग, ज्याला सगळे खोटा म्हणून हसतात, तो निदान पितळी शिरस्त्राणांच्या बाबतीत गंजाच्या रंगापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. खेळण्याची चूक रंगात कमी आणि आकारात जास्त असते.

५/
सगळी शिरस्त्राणे पितळी नव्हती. पहिल्या शतकात लोखंडी शिरस्त्राणांचाही मोठा प्रसार झाला. एच. रसेल रॉबिन्सन या अभ्यासकाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'द आर्मर ऑफ इंपीरियल रोम' या ग्रंथात रोमन शिरस्त्राणांचे गट पाडले. त्यांपैकी 'इंपीरियल गॅलिक' या गटात लोखंडी नमुने पुष्कळ आहेत. त्यांच्या कडांना आणि कानांभोवती पितळेच्या पट्ट्या असत, अंगावर पितळेची नक्षीदार बटणे असत. घासलेल्या लोखंडाचा रुपेरी रंग आणि त्यावर सोनेरी किनार, असे ते दोन रंगांचे रूप होते. ते गंजून एकरंगी तपकिरी झाले की कारागिराचा हा सगळा विचारच दिसेनासा होतो.

६/
तिसरा प्रकार मराठी वाचकाला आणखी ओळखीचा वाटेल, तो म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यावर आपल्याकडे कथिलाचा मुलामा देत, तसाच रोमन कारागीरही देत. २०१० साली इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यात क्रॉस्बी गॅरेट या गावाजवळ घोडेस्वाराचे एक मुखवटाधारी शिरस्त्राण तुकड्यांच्या रूपात सापडले. त्याच्या चेहऱ्यावर कथिलाचा थर होता, केस आणि टोपी यांना मात्र तो नव्हता. म्हणजे मूळ रूपात चेहरा चांदीसारखा आणि वरचा भाग सोन्यासारखा दिसत असणार. आज तो सगळा ऐवज हिरवट छटेचा आहे.

७/
मग हिरवा आणि तपकिरी रंग आला कुठून? तांब्याच्या मिश्रधातूवर ओलावा, हवा आणि मातीतील क्षार यांचा परिणाम होऊन हिरवी पुटे चढतात. लोखंडाचे कण पाण्याशी आणि हवेशी संयोग पावून गंज होतो, फुगतो आणि पापुद्रे सुटतात. ही सगळी प्रक्रिया वस्तू टाकून दिल्यानंतरची, पुरल्यानंतरची किंवा हरवल्यानंतरची आहे. वस्तू वापरणारा माणूस जिवंत असेपर्यंत ही प्रक्रिया रोखणे हे त्याचे कामच होते.

८/
याला लेखी पुरावा आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमला वेढा पडला असताना सेनापती टायटसने सैनिकांना पगार वाटण्याचा समारंभ शहराच्या तटासमोर घडवून आणला. इतिहासकार जोसेफस याचे वर्णन करतो. सैनिकांनी आच्छादनांत ठेवलेली शस्त्रे आणि चिलखते बाहेर काढून अंगावर चढवली आणि तो सारा परिसर सोन्याचांदीच्या तेजाने झळाळून गेला. हा सोहळा चार दिवस चालला. तटावर दाटीने उभे राहून पाहणाऱ्या शहरवासीयांच्या मनात त्या दृश्याने धडकी भरली, असेही तो नोंदवतो.

९/
जोसेफस टायटसच्या घराण्याच्या आश्रयाला होता, हे विसरता येत नाही. त्याच्या वर्णनात कौतुकाचा रंग मिसळलेला असणारच. पण त्याने कौतुक कशाचे केले, हे पाहण्यासारखे आहे. रोमन सामर्थ्य दाखवायचे तर लखलखाट दाखवावा, असे त्याला वाटले. रापलेले, माखलेले, गंजलेले सैन्य भयंकर दिसते ही आजच्या पडद्यावरची कल्पना आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला भय वाटे ते चकाकीचे.

१०/
लष्करी शास्त्रावर लिहिणारा वेजेटियस हा उत्तरकालीन रोमन लेखक याहून स्पष्ट बोलतो. घोडेस्वारांच्या तुकडीच्या नायकाने आपल्या माणसांना चिलखते आणि शिरस्त्राणे वरचेवर घासायला लावावीत, कारण शस्त्रांच्या लखलखाटाने शत्रू बिचकतो, असा त्याचा उपदेश आहे. ज्याची शस्त्रे हयगयीमुळे गंजली आहेत तो सैनिक लढवय्या आहे यावर कोण विश्वास ठेवील, असा प्रश्नही तो विचारतो. आजचा हौशी कारागीर जो गंज लावून सैनिकाला 'कसलेला' ठरवतो, त्याच गंजावरून वेजेटियसने त्याला कुचकामी ठरवले असते.

११/
यावर एक रास्त आक्षेप येतो. समारंभ वेगळा आणि मोहीम वेगळी. पावसात, चिखलात, महिनोन्‌महिने चालणाऱ्या सैन्याची शिरस्त्राणे रोज आरशासारखी कशी राहतील? ती तशी राहत नसणार, हे मान्यच करावे लागेल. वेजेटियसला बजावून सांगावे लागले, यावरूनच हयगय होत होती हे कळते. उपदेश नेहमी उणिवेच्या जागी केला जातो.

१२/
तरीही मोहिमेतल्या सैन्याविषयीचा एक तपशील इथे उपयोगी पडतो. इसवी सनपूर्व ५७ मध्ये साम्ब्र नदीकाठी बेल्जिक टोळ्यांनी ज्यूलियस सीझरच्या सैन्यावर अचानक हल्ला चढवला. सीझर लिहितो की वेळ इतका अपुरा होता की सैनिकांना शिरस्त्राणे चढवायला, ढालींवरची आच्छादने काढायला आणि मानचिन्हे लावायलाही सवड मिळाली नाही. म्हणजे चालत्या सैन्यातही ढाली झाकलेल्या असत. साहित्य जपणे हा मोहिमेचाच भाग होता.

१३/
म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात: झीज आणि गंज. झीज वापरातून येते, गंज दुर्लक्षातून येतो. हातात असलेली वस्तू झिजते आणि हातातून सुटलेली वस्तू गंजते. शिरस्त्राण खरे दिसावे असे वाटणाऱ्याने झीज दाखवावी. ती कुठे दाखवायची हे ठरवताना मात्र ब्रश बाजूला ठेवून विचार करावा लागतो, आणि इथेच हे रंगकाम इतिहासाच्या अभ्यासाला येऊन मिळते.

१४/
ती कुठे असेल? गालांच्या पट्ट्या ज्या बिजागऱ्यांवर हलतात तिथे धातूवर धातू घासला जाईल. हनुवटीखाली बांधायच्या बंदाच्या कड्यांभोवती चामडे घासेल. मानेमागची रुंद पट्टी खांद्यावरच्या चिलखताला लागून कडेला बोथट होईल. खाली ठेवताना कडा जमिनीला टेकेल. नक्षीच्या उंचवट्यांवर रोज घासण्याचे फडके फिरून रेषा पुसट होतील आणि खोलगट जागी मात्र घासण्याची पूड आणि मळ साचून काळपट राहील. काळसर पातळ रंगाचा हात द्यायचा तो या खोलगट जागांपुरता. सगळ्या पृष्ठभागावर सारखे ठिपके देणारा स्पंज यातले काहीच सांगत नाही.

१५/
झिजेमागे माणसेही असतात. ब्रिटिश म्युझियममध्ये लंडनला सापडलेले एक रोमन शिरस्त्राण आहे. त्याच्या मानपट्टीवर टोच्याने ठिपके देऊन चार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. एकाच शिरस्त्राणाने चार डोकी सांभाळली. सैनिक निवृत्त झाला किंवा मेला की वस्तू पुढच्याकडे जाई. चार माणसांच्या हातून जाऊनही टिकणारे लोखंड किंवा पितळ निगा राखल्याशिवाय टिकत नाही. नारिंगी ठिपक्यांनी माखलेले शिरस्त्राण दुसऱ्या मालकापर्यंतसुद्धा पोहोचले नसते.

१६/
दुरुस्तीच्या खुणाही अशाच बोलक्या असतात. सम्राट ट्राजनच्या डेशियन युद्धांच्या सुमारास (इसवी सन १०१ ते १०६) काही रोमन शिरस्त्राणांच्या माथ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या जाड आडव्या-उभ्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात. डेशियन योद्ध्यांच्या फाल्क्स या विळ्यासारख्या वाकड्या, जड शस्त्राचा घाव झेलण्यासाठी हा उपाय झाला, असे बरेच अभ्यासक मानतात. प्लॅस्टिकच्या शिरस्त्राणावर उगाच पोचे पाडण्यापेक्षा कार्डबोर्डच्या दोन पट्ट्या आणि चार खोटे रिव्हेट जास्त इतिहास सांगतात. पोचा एका घावाची गोष्ट सांगतो. पट्टी सांगते की सैन्य त्या घावातून शिकले.

१७/
खेळण्यात खरी सुधारणा करायची तर कात्री आधी आणि रंग नंतर. बहुतेक खेळण्यांत गालपट्ट्या टोपाच्या सलग साच्यातच ओतलेल्या असतात. त्या कापून बिजागरीने जोडाव्या लागतात. खऱ्या शिरस्त्राणाचा पत्रा साधारण एक-दोन मिलिमीटरचा असतो, म्हणून प्लॅस्टिकची जाड कड आतून तासावी लागते. कपाळावरची पट्टी नसेल तर ती बसवावी लागते, कारण वरून येणारा वार चेहऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पहिल्या शतकात ती रूढ झाली. आत कापड किंवा नमदा शिवावा, कारण उघड्या धातूचे शिरस्त्राण डोक्यावर बसत नाही आणि घाव लागला तर त्याचा सगळा हादरा डोक्याला बसतो.

१८/
तुऱ्याचेही तसेच. खेळण्यावर तो कपाळापासून मानेपर्यंत उभा असतो आणि खोक्यावर बहुधा 'सेंच्युरियन' असे लिहिलेले असते. सेंच्युरियन म्हणजे शतनायक. त्याचा तुरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा असे. वेजेटियस तसे सांगतो आणि पहिल्या शतकातील थडग्यांवरच्या शिल्पांतही आडवा तुरा दिसतो. लढाईच्या गर्दीत सैनिकांना आपला नायक मागूनही ओळखता यावा हा त्याचा उपयोग. त्याआधी काही शतके, प्रजासत्ताकाच्या काळात, साध्या सैनिकाच्या शिरस्त्राणावर जांभळी किंवा काळी उभी पिसे असत, असे पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो. तुरा सर्वांना एकच आणि तोही लालच, ही समजूत चित्रपटांनी पक्की केली.

१९/
गंजाचा मोह पडतो का, याचे उत्तरही बऱ्याच अंशी चित्रपटांत आहे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात 'ज्यूलियस सीझर' (१९५३) या चित्रपटावर लिहिले आहे. पडद्यावरचे सगळे रोमन कपाळावर केसांची बट सोडतात, ही गोष्ट त्याने हेरली. ती बट दिसली की प्रेक्षकाला खात्री पटते, आपण रोममध्ये आहोत. आज त्या बटेची जागा धुळीने आणि गंजाने घेतली आहे. 'ग्लॅडिएटर' (२००० साल) मधले जर्मानियातील सुरुवातीचे युद्ध आठवावे: करडे आकाश, निळसर थंड प्रकाश, चिखल. दृश्य प्रभावी आहेच. पण त्यानंतर भूतकाळ म्हणजे मळलेला काळ, हे समीकरण डोळ्यांना इतके सवयीचे झाले की स्वच्छ शिरस्त्राण दिसले तर प्रेक्षकालाच ते नाटकी वाटते.

२०/
अशी फसगत यापूर्वीही झाली आहे. ग्रीक-रोमन संगमरवरी मूर्ती पांढऱ्याशुभ्रच होत्या असे युरोपने दीर्घ काळ मानले आणि त्या शुभ्रतेवर सौंदर्याचे सिद्धांत उभारले. प्रत्यक्षात त्या रंगवलेल्या असत. रोमजवळ प्रिमा पोर्ता येथे १८६३ साली सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर रंगांचे अवशेष स्पष्ट होते. २००३ साली म्यूनिकमध्ये रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले आणि पुढे ते अनेक देशांत गेले, तेव्हा लोकांना त्या भडक वाटल्या. मातीने आणि काळाने जे काढून घेतले, त्याच्या अभावालाच अभिरुची मानण्याची सवय लागली होती. गंजलेले शिरस्त्राण याच सवयीचे धाकटे भावंड आहे.

२१/
संग्रहालयांनी यावर एक चांगला मार्ग काढला आहे. इंग्लंडमध्ये सफोकमधील सटन हू येथे १९३९ साली सातव्या शतकाच्या सुरुवातीचे एक जहाज-दफन उघडले. त्यातल्या शिरस्त्राणाचे पाचशेहून अधिक तुकडे झालेले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये हर्बर्ट मॅरियन यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यात ते जोडले. त्या जोडणीवर आक्षेप आले, म्हणून ती उकलून नायजेल विल्यम्स यांनी १९७०-७१ मध्ये नव्याने जोडणी केली. त्यानंतर लंडनच्या रॉयल आर्मरीज या संस्थेने नवी कोरी प्रतिकृती घडवली, कथिलाचा मुलामा दिलेल्या काशाच्या पत्र्यांची, चांदीसारखी झळाळणारी. गंजलेले मूळ आणि लखलखीत प्रतिकृती दोन्ही आज पाहायला मिळतात.

२२/
या दोन वस्तू एकमेकींना खोटे पाडत नाहीत. मूळ वस्तू सांगते: माझे पुढे काय झाले. प्रतिकृती सांगते: मी काय होते. आणि मॅरियन यांची जोडणी उकलावी लागली, यातून तिसरी गोष्ट कळते: प्रत्येक पुनर्रचना हे एक मत असते. नवा पुरावा आला की ते बदलण्याची तयारी हवी. हौशी कारागिराला तर हे फारच सोपे आहे. चुकलेला रंग पुन्हा घासता येतो आणि शंभरदा बदलता येतो. मूळ वस्तूला हात लावणाऱ्या तज्ज्ञाला असले स्वातंत्र्य कधीच नसते.

२३/
हा विचार केवळ रोमपुरता नाही. मुघल आणि दख्खनी टोपांवर पोलादात सोन्याची तार ठोकून केलेले कोफ्तगारीचे काम आजही संग्रहालयांत दिसते. ते घडवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला झळाळी हवी होती, म्हणूनच ते काम झाले. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा गडावरच्या कार्यक्रमासाठी टोप रंगवणाऱ्या तरुणांनाही हाच प्रश्न स्वतःला विचारता येईल: हा टोप वापरात आहे, की साडेतीनशे वर्षे जमिनीत होता?

२४/
शेवटी एक नैतिक बाजू. प्लॅस्टिकवरचा गंज कोणाला फसवत नाही, पण धातूच्या प्रतिकृतीला कृत्रिम रीतीने जुनाट करण्याचे तंत्र तेच आहे आणि बनावट पुराणवस्तू विकणाऱ्यांचे भांडवलही तेच. म्हणून एक साधा शिरस्ता पाळावा. आतल्या बाजूला, मानपट्टीवर, घडवणाऱ्याने आपले नाव आणि साल लिहावे. लंडनच्या शिरस्त्राणावर चार सैनिकांनी आपापली नावे कोरली, ती वस्तू आपली आहे हे सांगण्यासाठी. आजच्या कारागिराचे नाव सांगेल की ही वस्तू आजची आहे.

२५/
थोडक्यात, प्रायमर मारावा, पितळेचा किंवा घासलेल्या लोखंडाचा रंग द्यावा, कडांना दुसऱ्या धातूची किनार द्यावी, खोलगट जागी मळ राहू द्यावा, बिजागरीजवळ झीज दाखवावी आणि नारिंगी रंगाची डबी बंदच ठेवावी. तयार झालेले शिरस्त्राण पाहून कोणी म्हणेल, 'फारच नवे दिसते.' त्याला सांगावे की रोमन सैनिकाला हेच ऐकायचे होते. त्यासाठी तो रोज संध्याकाळी फडके घेऊन बसत असे. इतिहासाने त्याचे नाव ठेवले नाही. निदान त्याने केलेले काम तरी पुसू नये.